घरचा कचरा, गावची घंटागाडी आणि नवे नियम



खेड्यात पूर्वी कचऱ्याचा प्रश्न असा नव्हताच. चुलीतली राख, भाजीची देठे, जनावरांपुढची उष्टावळ, शेण, झाडलोट हे सारे उकिरड्यावर जात असे आणि उन्हाळ्यात गाडी भरून शेतात पडत असे. उकिरडा म्हणजे शेतकऱ्याची खताची बँक होती. आज त्याच उकिरड्यावर दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, लहान मुलांचे डायपर, बॅटरीचे सेल आणि औषधांच्या बाटल्या पडतात. उन्हाळ्यात हा उकिरडा उपसून शेतात टाकला की पुढच्या कुळवाच्या पाळीला पासेला प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकून येतात. खताच्या बँकेत खोटी नाणी जमा झाली आहेत, असे म्हणावे लागते.

हा प्रश्न फक्त शहराचा आहे असे समजून चालणार नाही. केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ जाहीर केले असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. त्यांनी २०१६ च्या नियमांची जागा घेतली. कचरा घरातच चार प्रकारांत वेगळा करावा, असे हे नियम सांगतात. दिल्लीत झालेल्या या नियमाचा आपल्या दारात येणाऱ्या घंटागाडीवर, ग्रामपंचायतीच्या खर्चावर आणि आपल्या जमिनीवर काय परिणाम होऊ शकतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

नियम कसे बदलत गेले?

१९९६ साली श्रीमती अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. शहरांचा कचरा गावांच्या शिवारात, रस्त्याच्या कडेला उघड्यावर टाकला जातो, ही त्यांची तक्रार होती. या प्रकरणातून पुढे २००० साली नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम आले. हे नियम नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्यापुरतेच होते.

२०१६ साली नियमांची फेररचना झाली. कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत वेगळा करण्याची जबाबदारी घरमालकावर आली. शहरालगतची वाढीव वस्ती आणि जनगणनेत शहर म्हणून नोंदलेली मोठी गावे यांनाही नियम लागू झाले. कचरा वेचणाऱ्या लोकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

२०२६ च्या नियमांत तिनाचे चार भाग झाले. शहरी संस्थांबरोबर ग्रामीण स्थानिक संस्थांचाही त्यात विचार करण्यात आला आहे. याच काळात सुक्या कचऱ्यासाठीही स्वतंत्र नियम झाले. प्लॅस्टिक कचरा नियम २०१६ साली आले. २०२२ च्या फेब्रुवारीत प्लॅस्टिक वेष्टनांबाबत उत्पादकांची जबाबदारी ठरविणारी मार्गदर्शक तत्त्वे त्यांना जोडण्यात आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ साली झाले आणि विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले.

या सगळ्या नियमांचा रोख एकच आहे. कचरा जेथे तयार होतो तेथेच तो वेगळा करावा, ज्याचा पुन्हा उपयोग होतो तो उपयोगात आणावा आणि कशाच्याच उपयोगाचे नाही तेवढेच कचरा डेपोवर जावे.

घरात चार भाग कसे करावेत?

१) ओला कचरा : भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, शिळे अन्न, खरकटे, देवाची फुले, हाडे व मांसाचे तुकडे. जो पदार्थ कुजतो तो ओला, अशी साधी खूण लक्षात ठेवावी.

२) सुका कचरा : कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, पत्रा, रबर, लाकूड. दुधाची पिशवी व तेलाचा पुडा विसळून, निथळून मगच या पोत्यात टाकावा.

३) स्वच्छताविषयक कचरा : वापरलेले डायपर, सॅनिटरी पॅड वगैरे. ते कागदात घट्ट गुंडाळून वेगळे द्यावेत. हा कचरा हाताळणारा माणूसच असतो, हे विसरू नये.

४) विशेष काळजीचा कचरा : रंगाचे डबे, बल्ब, ट्यूब, पाऱ्याची थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे. बॅटरीचे सेलही या सगळ्यात मिसळू न देता वेगळे ठेवावेत.

यासाठी चार रंगांचे चार डबे विकत आणण्याची गरज नाही. ओल्यासाठी झाकणाची जुनी बादली, सुक्यासाठी खताचे किंवा पेंडीचे धुतलेले रिकामे पोते, तिसऱ्यासाठी झाकणाचा लहान डबा आणि चौथ्यासाठी मुलांच्या हाती लागणार नाही असा उंचावर टांगलेला एखादा डबा एवढे पुरते. ओला आणि स्वच्छताविषयक कचरा रोज निघतो. सुका आठवड्याला आणि विशेष काळजीचा महिन्या-दोन महिन्यांनी दिला तरी चालतो.

"गाडीवाला सगळे एकत्रच टाकतो, मग आम्ही वेगळे का करावे?"

शेतकरी मेळाव्यात हा विषय निघाला की भगिनींकडून हा प्रश्न हमखास येतो आणि तो अगदी रास्त आहे. घरातल्या बाईने सकाळच्या घाईत दोन बादल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि गाडीत दोन्ही एकाच हौद्यात पडाव्यात, असे चार दिवस झाले की पाचव्या दिवशी ती वेगळे करणे सोडून देते. यात चूक तिची नाही.

नियमांचा खरा कस येथेच लागतो. नवे नियम घराला वेगळे करायला सांगतात, तर गाडीलाही वेगळे ठेवावेच लागेल. म्हणजे घंटागाडीत किंवा ढकलगाडीत निदान दोन कप्पे हवेत आणि बाजूला दोन लहान डबे टांगलेले हवेत. ते शक्य नसेल तर वार ठरवून द्यावेत. एका वारी सुका, दुसऱ्या वारी विशेष काळजीचा, असे केले तर एका कप्प्याच्या गाडीतही कचरा मिसळत नाही.

पुणे शहराचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. कचरा वेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरा वेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. संस्थेचे सभासद घरोघर जाऊन कचरा घेतात, घरमालकाकडून ठरावीक शुल्क घेतात आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांना मिळतात. कचरा वेगळा मिळण्यात वेचणाऱ्याचा स्वतःचा फायदा असल्याने तो मिसळू देत नाही. गावातही सुक्या मालाच्या विक्रीतला वाटा सफाई कामगाराला देण्याचे ठरविले, तर गाडीवर फार देखरेख ठेवावी लागणार नाही.

गावाचा हिशेब

उदाहरणादाखल ३०० घरांचे आणि १,५०० लोकवस्तीचे गाव घेऊ. समजा, दर घरातून रोज १ किलो कचरा निघतो आणि त्यात ६०० ग्रॅम ओला व ४०० ग्रॅम इतर आहे.

रोजचा एकूण कचरा : ३०० किलो
त्यांपैकी ओला : १८० किलो
सुका व इतर : १२० किलो
महिन्याचा ओला कचरा : ५,४०० किलो

ओल्या कचऱ्याचे कुजून साधारण एक तृतीयांश खत झाले असे धरले, तरी महिन्याला १,८०० किलो खत होते.

आता हा ओला कचरा गाडीत टाकला तर गाडी रोज फिरवावी लागते, कारण ओला कचरा दुसऱ्या दिवशी वास मारू लागतो. रोज गाडी म्हणजे रोज डिझेल, रोज मजुरी. परंतु ओला कचरा परसातच किंवा शेताच्या बांधावर जिरविला तर गाडीला फक्त १२० किलोचा भार राहतो. त्यातला सुका कचरा कुजत नाही. मग स्वच्छताविषयक कचऱ्यापुरती लहान ढकलगाडी रोज आणि सुक्यासाठी मोठी गाडी आठवड्यातून एक-दोनदा एवढ्यावर भागते.

हा हिशेब महत्त्वाचा आहे, कारण ग्रामपंचायतीची खरी अडचण गाडी घेण्याची नसून गाडी चालविण्याची आहे. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२०-२१ पासून, घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत वस्तीच्या गावांना माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावांना माणशी ४५ रुपये अशी मर्यादा ठरविण्यात आली होती. त्यातली ३० टक्के रक्कम ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायची होती. वरील गावाला या दराने ९०,००० रुपये बसतात. त्यांपैकी ६३,००० रुपये योजनेचे व २७,००० रुपये ग्रामपंचायतीचे. एवढ्या रकमेत डबे, ढकलगाडी आणि खताचे हौद होऊ शकतात. पण दरवर्षीचा पगार आणि डिझेल त्यातून भागत नाही. अनेक गावांत गाडी आली, रंगली, उद्घाटन झाले आणि काही महिन्यांत समाजमंदिराच्या मागे उभी राहिली, त्याचे कारण हेच. ज्या गावात ओला कचरा गाडीत चढत नाही, त्या गावाची गाडी चालू राहण्याचा संभव जास्त असतो.

सुक्या कचऱ्याला गिऱ्हाईक कोण?

पत्रा, पुठ्ठा, जाड प्लॅस्टिक, काचेची बाटली हे सारे भंगारवाला पूर्वीपासून घेतो. अडचण आहे ती पातळ पिशव्यांची आणि वेफर, बिस्किटे, गुटखा यांच्या चकचकीत पुड्यांची. या पुड्यांत प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने त्या वितळवून पुन्हा वापरणे कठीण जाते. म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही.

नियमांतील दोन गोष्टींमुळे यात बदल होऊ शकतो.

पहिली गोष्ट उत्पादकाच्या जबाबदारीची. जी कंपनी प्लॅस्टिकच्या वेष्टनात माल विकते, तिने तेवढ्या प्रमाणात प्लॅस्टिकची विल्हेवाट लावली पाहिजे. कंपनी स्वतः आपल्या गावात येत नाही. नोंदणीकृत प्रक्रिया करणारा कारखाना जेवढ्या प्लॅस्टिकवर प्रक्रिया करतो तेवढी प्रमाणपत्रे त्याला मिळतात आणि ती कंपनी त्याच्याकडून विकत घेते. म्हणजे प्लॅस्टिकच्या किमतीत प्रमाणपत्राची किंमत मिळते. मात्र हा पैसा कारखान्यापर्यंत येतो. तो गावापर्यंत यावा असे वाटत असेल तर माल स्वच्छ, कोरडा, वेगळा केलेला आणि निदान एक वाहन भरेल एवढा हवा. एका गावाचा माल त्यासाठी पुरत नाही. म्हणून स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्र आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधी, अशी तरतूद करण्यात आली होती. आपल्या तालुक्यात असे केंद्र झाले आहे का, चालू आहे का आणि आपल्या गावाचा माल तेथे जातो का, याची चौकशी पंचायत समितीत करावी.

दुसरी गोष्ट इंधनाची. ज्या सुक्या कचऱ्याचे काहीच होत नाही पण जो जळतो, त्यापासून कारखान्यांसाठी इंधन बनविता येते. सिमेंट कारखान्यांसारख्या उद्योगांनी आपल्या कोळशाच्या जागी असे इंधन वापरावे आणि त्याचे प्रमाण सहा वर्षांत ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत वाढवावे, असे २०२६ चे नियम सांगतात. आपल्या राज्यात चंद्रपूर आणि यवतमाळ भागात सिमेंटचे कारखाने आहेत. त्यामुळे विदर्भातील गावांना याचा उपयोग लवकर होऊ शकेल. कोकणातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून एवढ्या लांब पुड्या नेण्याचे भाडे परवडेल का, हा प्रश्न राहतोच. मात्र ओली, मातीने माखलेली पुडी कोठेच चालत नाही, हे दोन्ही ठिकाणी खरे आहे.

मंगल कार्यालय आणि बाजार आवार

नव्या नियमांत मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्यांची व्याख्या दिली आहे. ज्यांचे बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा अधिक आहे, किंवा पाण्याचा वापर रोज ४०,००० लिटर किंवा अधिक आहे, किंवा कचरा रोज १०० किलो किंवा अधिक आहे, ते सारे यात येतात. त्यांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच जागेत प्रक्रिया करावी आणि जेथे ते शक्य नाही तेथे जबाबदारीचे प्रमाणपत्र घ्यावे, अशी ही तरतूद आहे.

शहराजवळच्या गावांना याचा उपयोग आहे. मोठी मंगल कार्यालये, वसतिगृहे, गृहसंकुले आणि भाजीपाल्याचे बाजार यांचा कचरा आजवर रात्रीतून गावाच्या ओढ्यात किंवा रस्त्याकडेच्या चारीत पडत असे. ज्यांना हे निकष लागू होतात त्यांना यापुढे 'आमचा कचरा ग्रामपंचायतीने उचलावा' असे म्हणून मोकळे होता येणार नाही. बाजार आवारातील टाकाऊ भाजीपाला तर खतासाठी उत्तम माल आहे. आसपासच्या शेतकरी गटाने बाजार समितीशी बोलणे करून तो वेगळा मिळविला तर दोघांचेही काम होते.

ओल्या कचऱ्याचे खत

घरगुती कचऱ्यासाठी दोन खड्ड्यांची पद्धत सोपी आहे. परसात, विहीर व कूपनलिकेपासून दूर, पाणी साचणार नाही अशा उंच जागी ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल असे दोन खड्डे घ्यावेत. रोजचा ओला कचरा पहिल्या खड्ड्यात टाकून त्यावर मूठ-दोन मुठी माती किंवा वाळका पालापाचोळा पसरावा. आठवड्यातून एकदा शेणकाला शिंपडावा. खड्डा भरला की मातीने बंद करून दुसरा वापरण्यास घ्यावा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातील खत तयार होते. खत काळपट, भुसभुशीत झाले आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास आला की ते तयार झाले असे समजावे. हाडे व मांसाचे तुकडे खोल दाबावेत, नाहीतर कुत्री खड्डा उकरतात. पावसाळ्यात वर पत्रा किंवा झापाचे छप्पर असावे.

शेतातील काडीकचऱ्यासाठी नाडेप पद्धत आपल्या परिचयाची आहे. पुसदचे श्री. नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती शोधून काढली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असा विटांचा हौद बांधून त्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवतात. एका हौदासाठी पुढील साहित्य लागते.

काडीकचरा, पालापाचोळा : १,४०० ते १,५०० किलो
शेण : ९० ते १०० किलो
चाळलेली कोरडी माती : १,७५० किलो
पाणी : १,५०० ते २,००० लिटर

काडीकचऱ्याचा ६ इंचांचा थर, त्यावर शेणकाला आणि त्यावर माती असे थर द्यावेत. हौदाच्या वर दीड फूट येईल एवढा भरून शेणमातीने लिंपावा. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खाली बसला की पुन्हा भरून लिंपून घ्यावा. तडे पडू देऊ नयेत. ९० ते १२० दिवसांत खत तयार होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाडेपचा हौद एक-दोन दिवसांत पूर्ण भरावा लागतो. रोज थोडा थोडा येणारा घरगुती कचरा त्यात टाकत राहिल्यास थर नीट लागत नाहीत आणि खत एकसारखे कुजत नाही. काही गावांत योजनेतून बांधलेले हौद कचराकुंडी होऊन बसले, त्याचे एक कारण हे आहे. म्हणून ग्रामपंचायतीने हौद बांधताना तो काडीकचऱ्यासाठी की रोजच्या ओल्या कचऱ्यासाठी, हे आधी ठरवावे. रोजच्या कचऱ्यासाठी दोन किंवा चार खड्ड्यांची रांग किंवा गांडूळखताचे वाफे अधिक सोयीचे पडतात.

शहराचे खत शेतात घेताना

शहरात वेगळा न केलेला कचरा शेवटी कोणाच्या तरी शिवारात जातो. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत राहिला. ढिगाऱ्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने विहिरी खराब झाल्या. २०१७ साली तर डेपोला आग लागल्यावर ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्याच अडविल्या. शहरातल्या स्वयंपाकघरात ओला-सुका वेगळा न केल्याची किंमत शेतकऱ्याची विहीर देते, असा याचा अर्थ आहे.

उलट, वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे खत आपल्या कर्ब कमी झालेल्या जमिनींना उपयोगी पडते. राज्यात असे खत 'हरित महा सिटी कंपोस्ट' या नावाने विक्रीस आले. २०१६ साली केंद्राने शहरी कंपोस्टच्या विक्रीसाठी टनाला १,५०० रुपये साहाय्य जाहीर केले होते. पुढे २०२३ साली तेवढेच साहाय्य गोबरधन प्रकल्पांतील सेंद्रिय खतासाठी मंजूर झाले. तथापि स्वस्त मिळते म्हणून कोणतेही शहरी खत ट्रॉली भरून आणू नये. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी ठरविलेले मुख्य निकष असे आहेत.

ओलावा : १५ ते २५ टक्के
सेंद्रिय कर्ब : किमान १२ टक्के
नत्र : किमान ०.८ टक्के
स्फुरद : किमान ०.४ टक्के
पालाश : किमान ०.४ टक्के
कर्ब : नत्र गुणोत्तर : २० पेक्षा कमी
सामू : ६.५ ते ७.५
शिसे : किलोला कमाल १०० मिलिग्रॅम
कॅडमियम : किलोला कमाल ५ मिलिग्रॅम

विक्रेत्याकडे पृथक्करण अहवाल मागावा. अहवाल नसेल तर खत घेऊ नये. याशिवाय घरच्या घरी दोन परीक्षा करून पाहाव्यात. एक, ओंजळभर खत पाण्याच्या बादलीत ढवळावे. प्लॅस्टिकचे तुकडे वर तरंगतात, काच व खडे तळाशी बसतात. दोन, एका कुंडीत खत व माती मिसळून आणि दुसऱ्या कुंडीत नुसती माती घेऊन दोन्हींत मेथीचे मोजून दाणे पेरावेत. खताच्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा रोपे पिवळी पडली तर ते खत अर्धवट कुजलेले किंवा क्षारयुक्त आहे असे समजावे. शिसे, कॅडमियम असे जड धातू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेला पर्याय नाही. एकदा जमिनीत गेलेले जड धातू काढता येत नाहीत, म्हणून ही खबरदारी.

किमान निकषाच्या १ टन खतातून ८ किलो नत्र, ४ किलो स्फुरद व ४ किलो पालाश जमिनीत जाते आणि त्यातील सर्व नत्र पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. तेव्हा हे खत शेणखताला जोड म्हणून वापरावे. शिफारशीत खतमात्रा माती परीक्षणानुसारच ठरवावी.

शेतातला घातक कचरा

कीटकनाशकाची रिकामी बाटली ही घरगुती सुका कचरा नव्हे. २०१६ च्या नियमांनी कीटकनाशकांचे डबे घातक कचऱ्यात धरले होते. बाटली रिकामी झाल्यावर तीन वेळा पाण्याने खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. नंतर पुन्हा वापर होऊ नये म्हणून बाटलीला भोके पाडावीत. तिच्यात गोडेतेल, रॉकेल किंवा पाणी कधीही भरू नये. गावात अशा बाटल्या गोळा करण्याची सोय नसेल तर कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे त्या मोडून, वस्तीपासून दूर पुराव्यात. पाणवठ्याची जागा टाळावी. विशेष काळजीच्या कचऱ्याचा वार गावात ठरला तर या बाटल्यांसाठी स्वतंत्र पोते ठेवण्याची मागणी करावी.

ठिबकच्या जुन्या नळ्या आणि आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद बांधावर जाळू नये. नळ्यांना भंगारात भाव मिळतो. आच्छादनाचा कागद माती झटकून, गुंडाळून ठेवला तरच घेणारा मिळतो. कचरा उघड्यावर जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई वसूल करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये दिला होता. दंडाचे राहू द्या. पेटलेल्या प्लॅस्टिकचा धूर प्रथम आपल्याच घरात, आपल्याच गोठ्यात शिरतो.

ग्रामसभेत काय विचारावे?

१) ओला कचरा घरीच जिरविणाऱ्या घरांची नोंद ठेवून त्यांना स्वच्छता शुल्कात सवलत देता येईल काय?
२) गाडीला कप्पे आहेत काय? नसल्यास सुक्या कचऱ्याचा वार कोणता?
३) सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे कोठे जमा होतात आणि सफाई कामगाराला वाटा किती?
४) गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याला या कामात घेतले आहे काय? त्याचा धंदा बंद पाडून नवी व्यवस्था उभी करणे नियमांच्या हेतूला धरून नाही.
५) सफाई कामगाराला हातमोजे, गमबूट आहेत काय?
६) सध्या कोणत्या योजनेतून निधी मिळू शकतो? ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पुढील ग्रामसभेत माहिती ठेवावी.

संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. त्यांच्या नावाने २०००-०१ मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि शेकडो गावांनी श्रमदानाने गाव झाडून काढले. पण झाडलेला कचरा पुढे कोठे जातो, हा प्रश्न तेव्हा अर्धाच सुटला. उरलेला अर्धा आता आपल्याला सोडवायचा आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, नियमाची वाट न पाहता उद्या सकाळी घरात एक बादली आणि एक पोते वेगळे ठेवावे, या खरीपापूर्वी परसात दोन खड्डे घ्यावेत आणि पुढच्या ग्रामसभेत गाडीच्या कप्प्याचा प्रश्न विचारावा. उकिरड्यावर पुन्हा फक्त कुजणारे तेच जाऊ लागले, तर पुढील काही वर्षांत कुळवाच्या पासेला प्लॅस्टिकची चिंधी अडकणे कमी होत जाईल आणि घरच्या खताची बँक पुन्हा भरवशाची होईल.